नवसात लिफ्ट नव्हती

कॅनडात वॉटर्लूला घर घेताना मी एक यादी केली होती. शाळा किती लांब, बसस्टॉप कुठे, घर तापवणारा फर्नेस किती जुना, छप्पर कधी बदललेलं, गराजमध्ये दोन गाड्या मावतात का. सगळ्याला टिकमार्क मिळाले आणि आम्ही घर घेतलं. यादीत आईचे गुडघे नव्हते. तेव्हा ते ठणठणीत होते.

आई सांगलीची. भूगोलाची शिक्षिका होती. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते आणि एखाददुसरं वर्ष सोडून उन्हाळ्यात आमच्याकडे येते. आमच्या घराला जिने दोन: एक खाली बेसमेंटला जाणारा, एक वर बेडरूमकडे. गुडघे बिघडल्यावर तिची झोपायची सोय आम्ही तळमजल्यावरच्या फॅमिली रूममध्ये केली. पण खाली वॉशरूम म्हणजे नुसतं बेसिन आणि कमोड, आंघोळ वरच. त्यामुळे दिवसातून एकदा तिला तो जिना चढावाच लागे. एका पायरीवर दोन्ही पाय आणायचे, थांबायचं, मग पुढची पायरी. धप्, धप्, थांबा. उतरताना ती चक्क बसून उतरायची. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवून दिला, तर म्हणाली, "जावईबापू, आता दोन्ही हातांनी धरून रडता येईल."

मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितलं होतं. आईकडे प्रत्येक ऋतूसाठी एक कारण तयार असे. उन्हाळ्यात मी लेकीकडे असते, पावसाळ्यात ओल असते, दिवाळीनंतर लग्नं असतात. खरं कारण मला ठाऊक होतं. शेजारच्या काकूंनी ऑपरेशन करून घेतलं आणि त्यानंतर त्या काठीशिवाय कधी चालल्या नाहीत. मी डॉक्टरांची नावं काढली, शंका विचारायच्या त्या लिहून दिल्या, ऑपरेशन होऊन मजेत फिरणाऱ्या बायकांशी फोनवर बोलायला लावलं. आई सगळ्यांशी गोड बोलली आणि पुन्हा सोफ्यावर बसली.

दोन हजार सोळाच्या सप्टेंबरात, परत जायच्या आदल्या आठवड्यात, बॅगा भरताना तिने सांगितलं, "आता हे शेवटचं हं. पुढच्या वेळी तूच ये. मला हे जिने आणि ती विमानतळावरची ढकलगाडी नको."

मी बॅगेचं वजन करत राहिले. पण रात्री कपडे घडी करताना माझ्या लक्षात आलं, की दरवर्षी मी नुसती सुट्टी काढून सांगलीला जाणं आणि आईने चार महिने माझ्या घरात राहून माझ्या फोडणीला नावं ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी मला सोडायची नव्हती.

तिला पोचवायला मी बरोबर निघाले. सलग एवढा प्रवास तिच्या पायांना झेपणार नाही म्हणून टोकियोवरून जायचं आणि मध्ये दोन रात्री हॉटेलात आडवं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. तिचा व्हिसाही काढला होता. मधल्या एका दिवसासाठी फक्त एकच गोष्ट ठेवली: हॉटेलजवळचं एक जुनं शिंतो देऊळ. मोठमोठ्या काचेच्या इमारतींमध्ये उभी असलेली लाल कमान मी फोटोत पाहिली होती. टॅक्सीने जायचं, नमस्कार करायचा, चहा प्यायचा, परत यायचं. सपाट आणि सोपं.

फोटो कमानीचा होता. कमानीमागे काय आहे, ते फोटोत नव्हतं.

टॅक्सी थांबली. एका बाजूला ऑफिसला निघालेली माणसं, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, सिग्नलला ट्रक, समोर काचेचा टॉवर. आणि त्या लाल कमानीतून दगडी पायऱ्या सरळ वर गेलेल्या, भिंतीला शिडी टेकवावी तशा. वर नुसती झाडं दिसत होती.

आईने मान वर केली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "ही काय जेजुरी काढलीस? जेजुरीला निदान मधे दम खायला जागा तरी आहे."

"मला माहीत नव्हतं गं."

"तुझ्या यादीत नव्हतं?" तिने विचारलं. "जा, तू वर जाऊन ये. मी बसते इथे."

मी तिचं, बरोबर आणलेलं घडीचं स्टूल कमानीच्या आत एका बाजूला मांडलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि चढायला लागले. शेजारून एक मुलगी उंच टाचांचे बूट घालून माझ्या पुढे निघून गेली. मी मात्र अर्ध्यापासून कठडा सोडला नाही.

वर पोचले तर शहर एकदम गप्प झालेलं. उंच झाडं, छोटं तळं, त्यात केशरी मासे. लाकडी देऊळ, छोटंसंच. इंग्रजी पाटीवर लिहिलं होतं, की देवस्थान काही शतकांपूर्वीचं आहे आणि जळल्यावर पुन्हा बांधलेलं आहे. माणसं येत होती, दोनदा वाकत होती, दोनदा टाळ्या वाजवत होती, हात जोडून थांबत होती, परत एकदा वाकत होती आणि ऑफिसला जात होती. मीही तसंच केलं. आईला हे आवडलं असतं, असं वाटून जरा वाईट वाटलं.

तेवढ्यात देवळाच्या मागून एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांच्या हातात वॉकर. दोघांनाही जराही दम लागलेला नव्हता. वॉकर घेऊन त्या पायऱ्या कोणी चढत नसतं. ते आले त्या वाटेने मी मागे गेले, तर टेकडीच्या पाठीला चक्क लिफ्ट. खालच्या रस्त्यावरून वर येणारी, स्वच्छ, बटणाची.

मला इतका आनंद झाला, की मी कठडा धरून जवळजवळ धावत पायऱ्या उतरले.

आई स्टूलवर ताठ बसली होती. चपला काढून शेजारी नीट जोडीने ठेवलेल्या. हात मांडीवर जोडलेले.

"चपला काय काढल्यास रस्त्यात?"

"देवासमोर बसलेय ना मी."

"घाल, घाल. चल. मागून लिफ्ट आहे! दोन मिनिटांत वर."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती पेपर संपल्याची घंटा झाल्यावर पुरवणी मागणाऱ्या मुलाकडे पाहत असेल.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"मी बोलून बसले."

"काय बोलून बसलीस?"

"नवस."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. शेजारून ऑफिसची माणसं चाललेली.

"कसला नवस?"

"पाय दे म्हटलं. पाय दिलेस तर या पायऱ्या स्वतः चढून वर येईन आणि तुझी ओटी भरीन."

"अगं मग बदल ना! लिफ्टने येते म्हण."

"देवाशी बोललेलं बदलत नसतात. दुकान आहे का ते?"

"आई, जपानी देव आहे. त्याला मराठी कळलं तरी असेल का?"

"तू कॅनडात गेलीस तेव्हा तुला तरी कुठे काय कळत होतं? शिकलीस ना?" तिने चपला घातल्या, माझ्या खांद्यावर भार देऊन उठली आणि गुडघे चोळत म्हणाली, "आणि हे पाय काही असेच येणार नाहीत. मिरजेला फोन कर. दिवाळी झाली की तारीख घे."

मी तिथेच फोन काढला. माणूस हो म्हणाला की का म्हणाला ते विचारत बसायचं नाही, आधी तारीख घ्यायची. मिरजेत तेव्हा दवाखाना उघडलाही नव्हता, म्हणून मी मेल पाठवला आणि आईला कॉपी केलं, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको.

रात्री नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. लिफ्ट आधी सापडली असती, तर आई आरामात वर गेली असती, मासे बघितले असते, टाळ्या वाजवल्या असत्या आणि तेच गुडघे घेऊन सांगलीला परतली असती.

"म्हणजे त्या देवळाने पुढच्या बाजूला पाटी लावली नाही, हेच बरं झालं," तो म्हणाला.

ऑपरेशन झालं. आधी डावा गुडघा, काही महिन्यांनी उजवा. पहिल्या वेळी मी तिथे होते, दुसऱ्या वेळी मावशी होती. ते दिवस सोपे नव्हते. आई फिजिओथेरपिस्ट मुलीवर चिडायची, मुलगी आईवर चिडायची, दोघी मिळून माझ्यावर. पण कंटाळा आला की आई मला व्हिडिओ कॉल करायची. "तो पायऱ्यांचा फोटो पुन्हा पाठव." तिने तो प्रिंट करून फ्रिजवर लावला होता. संध्याकाळी शेजारच्या अपार्टमेंटच्या जिन्यावर सराव करायची. तिथला वॉचमन विचारायचा, "बाई, कोणाकडे जायचंय?" आई सांगायची, "टोकियोला."

"एकूण पायऱ्या किती ते बघून सांगू का?" मी एकदा विचारलं. "लगेच सापडेल."

"अजिबात नको. आकडा कळला की पाय घाबरतात."

त्यामुळे मी, जी किराण्याच्या पिशव्याही मोजते, त्या पायऱ्या आजवर मोजलेल्या नाहीत.

दोन हजार अठराच्या सप्टेंबरात मी तिला आणायला गेले. या वेळी उलट्या दिशेने, मुंबईहून टोकियो आणि मग टोरोंटो. ओटीच्या सामानाची यादी आईने सांगितली आणि मी लिहिली: खण, हळदकुंकू, तांदूळ, सुपारी, नारळ. तांदूळ आणि नारळ यांवर मी काट मारली. विमानतळावर धान्य आणि फळं अडवतात, ते तिथेच घेऊ.

तांदूळ हॉटेलखालच्या दुकानात लगेच मिळाले, लहानशा गोड पाकिटात. नारळ कुठेच मिळेना. शेवटी एका फळवाल्याकडे आई थांबली. तिथे जपानी पेअर, म्हणजे नासपती होती, एकेक पांढऱ्या जाळीत ठेवलेलं. चांगलं मुठीपेक्षा मोठं, गोल, तपकिरी. आईने एक हातात घेतलं, कानाजवळ नेऊन हलवलं.

"वाजत नाही," मी म्हटलं. "आणि शेंडीपण नाही."

"गोल आहे, तपकिरी आहे, आत पाणी आहे. देव इथला, नारळ इथला." तिने ते पिशवीत टाकलं.

कमानीपाशी टॅक्सीतून उतरलो. तेच ट्रक, तीच गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं. टॉवर मात्र एक वाढला होता. इतरांचं बघून आई कमानीखाली वाकली.

"मागे लिफ्ट अजून आहे हं," मी म्हटलं. सांगणं माझं काम होतं.

"नवसात लिफ्ट नव्हती."

तिने पदर खोचला, कठडा धरला आणि सुरुवात केली. मी एक पायरी मागून.

"मागे नको राहूस. पडले तर तुझ्यावर पडेन, दोघी जाऊ. शेजारी ये."

मी शेजारी आले. एका पायरीवर एकच पाय. उजवा, मग पुढच्या पायरीवर डावा. मी तिच्या पावलांकडे बघत होते आणि ती समोरच्या दगडाकडे. बोलायचं नाही, असं तिने बजावलं होतं.

अर्ध्याच्या वर गेल्यावर ती थांबली. चेहरा लाल, वरच्या ओठावर घाम. तिने एकदा खाली बघितलं आणि लगेच मान वळवली. कठडा तिने आता दोन्ही हातांनी धरला होता. पायऱ्या इतक्या उभ्या, की तिथून मागे फिरणंही सोपं नव्हतं. माझ्या डोक्यात माझी नेहमीची यादी सुरू झाली: कोणाला हाक मारायची, इन्शुरन्सचा नंबर कुठल्या कप्प्यात आहे. आणि यादीच्या खाली नुसती भीती: हिला मी इथे का आणलं?

"बसतेस जरा?"

"बसले तर उठणार नाही."

वरून सूट घातलेला एक माणूस उतरत होता, हातात बॅग. आम्हाला पाहून तो थांबला. तोही आमच्याच बाजूचा कठडा धरून येत होता आणि वाट अरुंद. तो बाजूला सरकून, अंग चोरून उभा राहिला, थोडा वाकला आणि हाताने खूण केली, तुम्ही आधी या. आम्ही हललो नाही, तर तोही हलला नाही. तसाच वाकून उभा.

आईने त्याच्याकडे बघितलं. मग मला म्हणाली, "अगं, हा बिचारा आपल्यासाठी खोळंबलाय. ऑफिसला उशीर होईल ना त्याला."

आणि ती निघाली. गुडघ्यांसाठी थांबली होती, पण एका अनोळखी माणसाला ताटकळत ठेवणं तिला जमणारं नव्हतं. त्याच्यापाशी पोचल्यावर तिने शाळेतल्यासारखं म्हटलं, "या, या, जा तुम्ही आता," आणि तो काहीतरी म्हणत पुन्हा वाकला. त्यानंतर ती थेट वरच थांबली.

वर तळ्याकाठच्या दगडावर ती बराच वेळ बसली. तिने दोन्ही गुडघ्यांवर एकेक थाप मारली, बैलांच्या पाठीवर मारावी तशी.

मग पाण्याच्या दगडी हौदापाशी गेलो. मी नियम वाचून आले होते: आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ भरून बाजूला टाकायची. मी हे सांगेपर्यंत आईने उजव्या तळव्यात पाणी घेतलं, प्यायली आणि ओला हात डोळ्यांवरून आणि डोक्यावरून फिरवला.

"आई, ते चूळ भरायचं पाणी आहे!"

"देवाच्या दारातलं पाणी थुंकतात का कधी?"

पुढे ताईत विकायच्या खिडकीत पांढऱ्या-लाल कपड्यांतली एक तरुण मुलगी होती. ओटी कुठे ठेवायची, ते विचारायला मी फोनवर भाषांतर काढलं आणि आधी देवीचं नाव विचारलं. मुलीने वाचलं, मान हलवली आणि स्वतःच्या फोनवर टाइप करून दाखवलं. देवी नाही. देव. अग्नीचा देव.

मी आईला सांगितलं.

"अगं बाई! पुरुष?" आईने पिशवी छातीशी धरली. "मी तर सगळं लाल बघून देवी समजले."

"मारुतीपण लालच असतो."

"तू हसू नकोस. मारुतीची कोणी ओटी भरतं का? आता मी काय करू?"

आम्ही दोघी पेअर आणि खण घेऊन अग्निदेवाच्या अंगणात उभ्या होतो. मी म्हटलं, नुसतं समोर ठेवू. आईला ते पटेना. ती इकडेतिकडे बघत राहिली. झाडाखाली एक बाई लांब झाडूने पानं गोळा करत होती. आईच्याच वयाची, डोक्याला रुमाल, पुढे मोठा निळा एप्रन.

"ओटी बाईची भरायची असते," आई हळू म्हणाली. "देवाच्या अंगणातली बाई म्हणजे देवाच्या घरचीच की."

ती चालायला लागली. मग मध्येच थांबून तिने पिशवी माझ्यापुढे केली. "तू भर. मी कशी..."

बाबा गेल्यापासून आईने कोणाची ओटी भरलेली नव्हती. कोणी तिला नको म्हटलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका आल्या की ती आपणहून स्वयंपाकघरात जायची आणि कॉफी करत राहायची, सगळ्या जाईपर्यंत. मी पिशवीला हात लावला. पण आईने ती सोडली नाही.

"नको," ती म्हणाली. "पाय माझे, नवस माझा. कुंकू तेवढं तू लाव."

त्या बाईला आधी काही कळेना. आईने स्वतःचा पदर दोन्ही हातांनी पुढे धरून दाखवला, मग तिच्या एप्रनकडे बोट केलं. बाईने झाडू झाडाला टेकवला आणि एप्रन तसाच पुढे धरला. मी कुंकवाची डबी उघडून कपाळाकडे खूण केली, तर तिने रुमाल वर सरकवला आणि मान पुढे केली. आईने खण ठेवला, त्यावर सुपारी, मग ओंजळीने तांदूळ आणि शेवटी ते पेअर.

बाई एप्रन तसाच सांभाळत वाकली, एकदा, दोनदा. मग बोट वर करून, थांबा म्हणून, लगबगीने एका खोलीत गेली आणि कागदात गुंडाळलेल्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या घेऊन आली. दोन्ही हातांनी आईला दिल्या.

"बघ," आई मला म्हणाली, "इथेही कोणी रिकाम्या हाताने पाठवत नाही."

मग आम्ही देवासमोर उभ्या राहिलो. आईने दोन टाळ्या अशा वाजवल्या, की वर्ग शांत व्हावा.

निघताना मी पायऱ्यांच्या दिशेने वळले. आई देवळाच्या मागे चालायला लागली होती.

"कुठे चाललीस?"

"लिफ्टकडे."

"आणि नवस?"

"नवस चढायचा होता," ती म्हणाली. "उतरण्याबद्दल मी काही बोलले नव्हते."

वॉटर्लूला आल्यावर तिने फॅमिली रूममधला पलंग बघितला आणि विचारलं, हा इथे कशाला? त्याच रात्री ती वरच्या बेडरूममध्ये झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी चहा करत असताना जिन्यावर पावलं वाजली. एक, मग पुढच्या पायरीवर दुसरं, मध्ये थांबा नाही. मला वाटलं, नवरा आला. त्याच्यासाठी कप काढला, वळून बघितलं तर आई.

आठवड्याभरात ती बेसमेंटलाही जायला लागली. तिथे माझी फळी आहे. सगळे डबे लेबल लावून, महिन्यांप्रमाणे लावलेले. एका शनिवारी खाली गेले, तर डाळींचे डबे एकीकडे, पिठं दुसरीकडे आणि माझ्या इंग्रजी लेबलांवर तिच्या फळ्यावरच्या अक्षरांत मराठी लेबलं चिकटवलेली. पुढच्या रांगेत एक डबा नवा होता. त्यावर लिहिलं होतं: तांदूळ, टोकियो, उरलेले.

मी तो डबा उचलला, माझ्या पद्धतीने कुठे ठेवावा याचा विचार केला आणि होता तिथेच परत ठेवला. वरून आईचा आवाज आला, "काही हलवू नकोस हं तिथलं. मी येतेच खाली."